हिवाळ्यातील नौकानयन : नदीचे पाणी आणि शरीराची उष्णता

पुण्यात मुळा नदीच्या काठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. १८५४ साली आरंभ झालेली ही संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. तेथील ‘रेगाटा’ या नौकाक्रीडांच्या सोहळ्याची परंपरा १९२८ पासूनची असून तो साधारणपणे मार्च महिन्यात होतो. साहजिकच त्याच्या पूर्वतयारीचे दिवस हिवाळ्यात येतात. या ऋतूतील सकाळ सरावाला अनुकूल का असते आणि तीच धोक्याची केव्हा ठरते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत सापडते.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातील पहाटेचे तापमान पुष्कळदा १० ते १२ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. रात्री जमीन लवकर निवते व थंड, जड हवा नदीच्या खोलगट भागात साचून राहते. त्यामुळे वारा मंदावतो आणि पाणी संथ होते. पाण्याची उष्णताधारणशक्ती मोठी असल्याने ते सावकाश निवते. पहाटे ते हवेहून उबदार असते, म्हणूनच त्यावर धुके तरंगताना दिसते.

‘कयाक’ या अरुंद नौकेचे वल्हे दोन्ही टोकांस पाते असलेले असते. ते नौकेस जखडलेले नसून हातांत मोकळे धरलेले असते. एक हात वल्हे मागे ओढतो, दुसरा पुढे ढकलतो. परंतु मुख्य जोर कमरेच्या वळणातून व पायांच्या रेट्यातून येतो. नौकेचा वेग दुप्पट झाला, तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट. वेग सतत कमीजास्त करणे म्हणूनच महागात पडते. हिवाळ्यात मध्यम, एकसारख्या गतीने दीर्घकाळ वल्हवण्याचा सराव करतात, तो यासाठीच. त्याने हृदयाची कार्यक्षमता वाढते व स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची संख्याही वाढते.

आता दुसरी बाजू पाहू. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून जी हवा केवळ गार वाटते, तितक्याच तापमानाच्या पाण्यात शरीर झपाट्याने निवते. पुण्याच्या नदीत हा धोका तुलनेने सौम्य असतो. हिमालयातून वाहणाऱ्या किंवा युरोपातील नद्यांत मात्र हिवाळ्यात पाण्याचे तापमान १५ अंशांच्या पुष्कळ खाली असते. अशा पाण्यात पडताच माणूस नकळत धापा टाकू लागतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी फुप्फुसांत जाते. हा आघात साधारणपणे एक-दोन मिनिटांत ओसरतो. पुढील सुमारे दहा मिनिटांत हातापायांचे स्नायू निकामी होऊ लागतात आणि उत्तम पोहणाराही असहाय होतो. सर्व शरीराचे तापमान घातक पातळीस येण्यास याहून अधिक वेळ लागतो. अर्थात थंड पाण्यातील पुष्कळ मृत्यू गारठ्याने नव्हे, तर त्यापूर्वीच बुडून होतात.

यावरून सुरक्षिततेचे नियम सहज उमगतात. तरंगते जाकीट अंगात घातलेलेच हवे. नौकेत नुसते ठेवलेले निरुपयोगी होय. कपडे हवेचे नव्हे, पाण्याचे तापमान ध्यानात घेऊन निवडावेत. एकट्याने जाऊ नये. नौका उलटल्यास तिला धरून प्रथम श्वास स्थिर होऊ द्यावा व मगच काठाकडे निघावे.