पेटंट संपलं होतं, गिऱ्हाईक यायचं होतं

मेकॅनिकल कीबोर्डच्या शौकिनांमध्ये एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की तिला आता इतिहासाचा मान मिळाला आहे. चेरी या कंपनीच्या ‘एमएक्स’ स्विचचं पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं आणि लगोलग चिनी कारखान्यांनी त्याच्या नकला बाजारात ओतल्या, अशी ती गोष्ट. त्या सुमारास नकला आल्या, हे खरं. पेटंटचं मात्र गणित जुळत नाही.

एमएक्सच्या रचनेचं अमेरिकी पेटंट १९८४ सालचं. त्या काळी तिथे पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे. पुढे १९९५ मध्ये नियम बदलून ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं झाली, आणि तोवर चालू असलेल्या पेटंटना या दोन्हींपैकी जी लांबची ती मिळाली. कशीही मोजा, या शतकाची पहिली चार-पाच वर्षं सरेपर्यंत चेरीचा मक्ता संपलेला होता. तरी किरकोळ प्रयत्न सोडले तर पुढची दहाएक वर्षं त्या वाटेला कोणी फिरकलं नाही. मला या गोष्टीत सगळ्यात रंजक वाटतात ती ही रिकामी दहा वर्षं.

ती रिकामी का गेली, हे कळण्यासाठी स्विच उघडून पाहायला हवा. प्रत्येक कळीखाली प्लॅस्टिकची एक चौकोनी डबी, ती बसते १४ मिलिमीटरच्या चौकोनी खाचेत. आत एक स्प्रिंग, धातूच्या दोन पट्ट्या, आणि वर अधिकच्या चिन्हासारखा माथा असलेला दांडा. दांड्याचे तिरके पाय एका पट्टीला दुसरीपासून दूर रेटून धरतात. कळ साधारण दोन मिलिमीटर दाबली की पाय खाली सरकतात, पट्टी मोकळी होते, दुसरीला टेकते आणि अक्षर उमटतं. अजून दोन मिलिमीटरांनी तळ लागतो. चेरीने टेकण्याच्या जागी सोन्याच्या मिश्रधातूचे दोन बारीक तुकडे एकमेकांना आडवे बसवले, म्हणजे धूळ अडकायला जागाच उरू नये. दांड्याचे पाय गुळगुळीत असले तर कळ सरळ खाली जाते, तो लाल किंवा काळा स्विच. पायावर उंचवटा असला तर बोटाला मध्येच एक अडथळा जाणवतो, तो तपकिरी. दांडा दोन भागांचा असला तर खालचा सुटा भाग निसटून खाली आदळतो आणि ‘टक्’ वाजतं, तो निळा.

एवढ्या सुबक वस्तूची नक्कल करायला कुणाला घाई नव्हती, कारण ती विकत घ्यायलाच कुणी नव्हतं. १९९० च्या दशकात संगणक स्वस्त होत गेले तसा कीबोर्डही स्वस्त झाला. शंभराहून अधिक स्विच बसवण्याऐवजी रबरी घुमट्यांची एक अखंड चादर अंथरली की काम भागत होतं. कार्यालयांतल्या बहुतेक कीबोर्डांत आजही तीच चादर आहे. चेरीचे ग्राहक उरले ते दुकानांतली बिलिंग यंत्रं, कारखाने आणि मोजके हट्टी टंकलेखक. अशा बाजारासाठी महागडे साचे कोण पाडणार?

गिऱ्हाईक आणलं ते व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांनी. २०१० च्या आसपास गेमिंग कीबोर्डांत एमएक्स झळकू लागले आणि बघता बघता चेरीचा पुरवठा मागणीला पुरेना. २०१४ मध्ये गेमिंग कीबोर्ड विकणाऱ्या कॉर्सेअरने रंगीत दिव्यांच्या नव्या एमएक्सवर काही काळ एकट्याचा हक्क मिळवला. त्याच वर्षी तिच्यासारख्याच रेझर कंपनीने चेरीला सोडून चीनच्या काइहुआकडून स्वतःच्या नावाचे स्विच बनवून घेतले. गेटरॉन, औटेमू, टीटीसी ही नावं याच लाटेवर वर आली. पेटंट संपल्याची दंतकथा २०१४ ला चिकटली ती बहुधा यामुळेच.

नकलांनी चेरीचे रंगसुद्धा जसेच्या तसे उचलले. आता निळा म्हणजे टकटक, तपकिरी म्हणजे उंचवटा, लाल म्हणजे सरळ, मग कारखाना कुठलाही असो. पण सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो अधिकच्या चिन्हाचा माथा. कळीची टोपी त्याच्यावर बसते आणि चेरीसाठी बनलेल्या टोप्यांचा ढीग बाजारात होताच. त्या बसल्या नाहीत, तर नक्कल कितीही चांगली असो, फुकट. काइहुआने पुढे ‘बॉक्स’ नावाचा स्वतःचा वेगळा स्विच काढला, तेव्हा सुरुवातीच्या काही मालात हा माथा किंचित जाड निघाला आणि शौकिनांच्या महागड्या टोप्या तडकल्या.

आपल्याकडे पेटंट संपणं म्हटलं की जेनेरिक औषध आठवतं. ही तुलना अर्धीच चालते. जेनेरिक गोळीत रेणू तोच असतो आणि तो शरीरात मूळ औषधाइतकाच पोहोचतो, हे सिद्ध करावं लागतं. स्विचच्या पेटंटात आकृती असते, काय कसं हलतं ते असतं. साचा किती गुळगुळीत घासायचा, प्लॅस्टिकचं मिश्रण कोणतं, हे त्यातून कळत नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं. गेटरॉनने शोधलं आणि त्यांचा लाल स्विच चेरीच्या लालपेक्षा मऊ चालतो असा बोलबाला झाला. मूळ वस्तूच खरखरीत, असं नक्कल वापरणारे सांगू लागले, तेही फार चुकीचं नव्हतं. शौकीन मंडळी तोवर स्विच उघडून चिमट्याने एकेकाला वंगण लावत बसली होती. मग चिनी कारखान्यांनी ते कारखान्यातच लावून द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये चेरीने ‘एमएक्स२ए’ ही सुधारित मालिका आणली. तिच्यातही वंगण कारखान्यातूनच लावून येतं.

एक गोष्ट मात्र नक्कल करणाऱ्यांना उचलता आली नाही. पेटंटला मुदत असते. ट्रेडमार्कचं नूतनीकरण करत राहिलं तर नाव कंपनीकडेच राहतं. म्हणून स्विचच्या वरच्या झाकणावर ‘चेरी’ असं फक्त चेरीलाच कोरता येतं. बाकीचे खोक्यावर ‘एमएक्सला चालणारा’ असं काहीतरी छापतात. दुकानदार ‘ब्लू स्विच आहे साहेब’ म्हणाला तर त्यातून आवाजाचा अंदाज येतो, कारखान्याचा नाही. एखादी टोपी उपटून झाकणावरचं नाव वाचून घ्यावं.