हाताला लिंबू आधी, मासा नंतर

मासे खाऊन झाले की आपण हाताला लिंबू चोळतो. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलपासून वर कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटापर्यंत, सामन गरवायला जाणारी हौशी मंडळी हेच काम आधी उरकतात. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण घ्यायचा, हात खसाखसा धुवायचे आणि मगच आमिषाला बोट लावायचं. ही अंधश्रद्धा नाही बरं का! माणसाच्या कातडीत सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याचा अंश पाण्यात उतरला तरी नदी चढणारा सामन बिचकतो. १९५०च्या दशकात कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. माणसाच्या हाताचं धुवण आणि अस्वलाच्या पंजाचं धुवण, दोन्हींना मासे सारखेच दचकले. सामनच्या लेखी आपण आणि अस्वल एकाच माळेचे मणी.

नाकात कापूस

सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्मगावच्या ओढ्यात येतो. आपल्याकडचा पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, हाही समुद्रातून नदीत चढतो. पण सामनचा पत्ता फारच नेमका. तो पत्ता लागतो वासावरून. सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना इसाक्वा गाव चांगलंच माहीत असेल. तिथे ऑक्टोबरात सामनचा मोठा उत्सव भरतो. याच गावच्या ओढ्यावर १९५०च्या दशकात हॅसलर आणि विस्बी या शास्त्रज्ञांनी परत आलेले कोहो सामन धरले, निम्म्यांच्या नाकात कापूस कोंबला आणि सगळ्यांना दोन ओढ्यांच्या संगमाच्या खाली नेऊन सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक मासे पुन्हा आपापल्या ओढ्यात गेले. कापूसवाले मात्र वाट फुटेल त्या ओढ्यात शिरले. किती साधा प्रयोग, आणि केवढं मोठं उत्तर!

पाच बोटं, पाच मासे

या किनाऱ्यावर पाच जातींचे सामन मिळतात आणि तिथली पोरं ते बोटांवर शिकतात. अंगठा म्हणजे ‘थंब’, त्याला जुळणारा चम. तर्जनी डोळ्याकडे रोखायची : सॉकआय. मधलं बोट सगळ्यांत लांब, तो किंग, म्हणजेच चिनूक. अनामिकेत चांदीची अंगठी, म्हणून सिल्व्हर ऊर्फ कोहो. करंगळीला इंग्रजीत पिंकी म्हणतात, तो पिंक.

(आपला रावस या हातात कुठेच बसत नाही. हॉटेलच्या मेनूकार्डावर त्याला ‘इंडियन सामन’ म्हणतात खरं, पण दोघांचं काही नातं नाही. रावसाची चव कुणाच्या उसन्या नावावर चालत नाही, हे मात्र मी ठामपणे सांगेन.)

पिंकची गंमत वेगळीच. त्याचं आयुष्य बरोब्बर दोन वर्षांचं. त्यामुळे सम वर्षी जन्मलेल्यांची आणि विषम वर्षी जन्मलेल्यांची कधी गाठच पडत नाही. एकाच जातीची जणू दोन वेगळी घराणी. कॅनडाच्या फ्रेझर नदीत पिंकचे थवे येतात ते विषम वर्षी. म्हणून एक वर्षाआड तिथल्या दुकानांत गुलाबी आमिषांची चलती असते.

आधी तोंड बघा

समुद्रात असताना सगळेच सामन चांदीसारखे चमकतात. मग ओळखायचं कसं? मासळीबाजारात आपण कल्ले उचलून बघतो, इथे जबडा उघडून हिरड्या बघतात. दातांच्या मुळाशी हिरडी काळी, तर चिनूक. पांढुरकी, तर कोहो. शिवाय शेपटी बघायची. चिनूकला वरखाली दोन्ही पाकळ्यांवर ठिपके, कोहोला फक्त वरच्या. ही ओळख पटायलाच हवी, कारण एक घरी नेता येतो आणि दुसरा त्याच दिवशी, त्याच जागी सोडावा लागतो, असं पुष्कळदा होतं.

हेरिंगचा तिरका काप

आमिष म्हणून हेरिंग वापरतात. आपल्या तारलीच्या जातकुळीतला लहान मासा. त्याचं डोकं सरळ उडवलं तर सगळं फुकट. सुरी कल्ल्यांच्या मागे तिरकी धरायची आणि एकाच झटक्यात, कड न फाटता, कापायचं. या तिरकेपणामुळे पाण्यात ओढताना हेरिंग गरगर फिरतो आणि जखमी माशासारखा दिसतो. कापाचा कोन बदलला की फिरकी बदलते. जाणते लोक पहिला तुकडा होडीच्या कडेलाच पाण्यात धरून बघतात आणि फिरकी मनासारखी नसेल तर सरळ दुसरा हेरिंग घेतात.

तीस पौंडांचा सरदार

पण माझा जीव जडलाय तो कॅम्पबेल रिव्हर या गावावर. व्हँकूव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर नदी समुद्राला मिळते, तिथे १९२४ साली टायी क्लब स्थापन झाला. टायी हा चिनूक नावाच्याच एका बोलीतला शब्द. अर्थ सरदार, प्रमुख. चिनूक ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर भरला तरच तो टायी. असा मासा मिळवला की क्लबचं सदस्यत्व मिळतं. पण अटी ऐका. होडी वल्ह्यांचीच, इंजिन बंद. आमिष कृत्रिम. गळ एकच, तोही उलट्या काट्याशिवायचा. आणि तंगूस जास्तीत जास्त २० पौंडांचा ताण सोसणारा! म्हणजे दोर विसाचा, मासा तिसाचा. जोर लावून ओढलं की तुटलंच. मासा पळेल तिकडे पळू द्यायचं, थकला की थोडं गुंडाळायचं, परत पळाला की परत सोडायचं.

१५ जुलै ते १५ सप्टेंबर हा हंगाम. होडीत सहसा दोघं असतात : एक वल्हवणारा, एक गळवाला. इथली खरी कला मला तरी वल्हवणाऱ्याची वाटते. ओहोटीचा प्रवाह आणि नदीची धार यांच्यामध्ये तो होडी जवळपास जागच्या जागी तोलून धरतो. आमिष नुसतं हलतं राहील एवढाच वेग. गळाला लागलं की मासा दुसऱ्या होड्यांच्या दोरांतून वाट काढत धावतो, आणि त्याच्यामागे वल्ही मारायची ती यानेच. नदीच्या तोंडाशी आलेल्या चिनूकची भूक तोवर मंदावलेली असते. तो आमिषावर झडप घालतो ती बहुधा चिडून, असं जाणकार सांगतात. म्हणून त्याच्या नाकासमोरून पुन्हा पुन्हा जायचं.

डोकं दान

सामनच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक मांसल इवलासा पर असतो. संवर्धन केंद्रात वाढवलेल्या कितीतरी पिल्लांचा तो पर कापून मगच त्यांना सोडतात. काहींच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, सांकेतिक खुणा कोरलेली तारही बसवतात. पर कापलेला मासा पकडलेल्यांनी त्याचं डोकं ठरलेल्या केंद्रात जमा करायचं, अशी कॅनडात सोय आहे. डोक्याचं कालवण आवडणाऱ्या माणसाला हे जड जाईल, पण त्या तारेवरून मासा कुठे वाढला आणि कोणत्या साली सुटला हे कळतं.

पर शाबूत असलेला मासा सहसा रानचा, निसर्गात जन्मलेला मानतात, आणि तो पुष्कळदा सोडावा लागतो. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रात तर असा सोडून द्यायचा सामन होडीत घेणंसुद्धा बेकायदा आहे. या पाण्यात ओर्का देवमाशांचा एक समूह राहतो. उरलेत जेमतेम ७५च्या आसपास, आणि त्यांचं मुख्य अन्न चिनूकच. तेव्हा गळवाला कडेवरून वाकतो, मासा पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ उलटा फिरवतो. उलटा काटा नसल्यामुळे तो अलगद सुटतो. क्षणभर मासा तिथेच थबकतो, कल्ले दोनदा उघडतात, मग शेपटीचा एक फटका आणि तोंडावर गार खारं पाणी.