खाज दोन दिवसांत गायब, गजकर्ण मात्र जागेवरच!

पावसाळा आला की जांघेतली खाज आली, आणि मेडिकलमधून न विचारता आणलेली ट्यूबही आली. तिचं खोकं एकदा उलटून बघा. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल असेल तर ते बुरशीवरचं औषध. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं. हे औषध ते तयारच होऊ देत नाही. काम चोख, पण सावकाश, काही आठवडे चालणारं.

त्याच ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टेरॉइड. त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. ते आपलीच प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून लाली आणि खाज झटपट उतरते. आग विझायच्या आत धोक्याची घंटा बंद करण्यासारखं आहे हे! क्लोबेटासोल तर सगळ्यात कडक गटातलं. (आणि लोक ते जांघेत चोळतात, जिथे कातडी आधीच पातळ.)

मग बुरशी निवांत पसरते. गजकर्णाची ठळक गोल कड पुसट होते, कधी चट्ट्यात चट्टा उठतो, डॉक्टरही चकतात. या वेषांतराला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात. 1968 पासून वैद्यकात नोंद आहे. स्टेरॉइडमुळे मांडीवर पडलेल्या ताणाच्या रेषा तर सहसा कायमच्या.

फार सूज असेल तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतातही. पण सहा महिने तीच ट्यूब लावत असाल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती सोबत न्या. चट्टा हलका खरवडून, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघता येते.