देशांतर आणि मनोविकार

परदेशातून आलेल्यांची संख्या अमेरिकेतील वेड्यांच्या इस्पितळांत फार, ही ओरड जुनीच. १९२२ साली हॅरी लाफलिन या सुप्रजननवाद्याने तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे असेच आकडे मांडले, आणि १९२४ मध्ये परदेशीयांच्या येण्यावर कडक कायदा झाला. तेव्हा हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. दार कोणाला उघडावयाचे हे त्यावर ठरत होते.

नॉर्वेच्या ओर्नुल्व ओडेगार्ड याचा प्रबंध १९३२ चा. मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेकरांची त्याने दोघांशी तुलना केली : तेथेच जन्मलेल्यांशी आणि मायदेशी राहिलेल्या नॉर्वेकरांशी. विचारांची संगती तुटून भास होऊ लागतात त्या स्किझोफ्रेनियाचे प्रमाण या स्थलांतरितांत दोहोंपेक्षा सुमारे दुप्पट निघाले. ज्यांची वृत्तीच मुळात अस्थिर, असे लोक देश सोडण्यास अधिक प्रवृत्त होतात, असा त्याने अर्थ लावला. उत्तर चटकन पटते, आणि म्हणूनच ते पारखून घ्यावे असे आम्हांस वाटते.

आधी आकड्यांचीच गोष्ट. स्थलांतरितांत प्रौढ अधिक, मुले थोडी. आणि लहान मुलांना हे विकार सहसा होत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन मल्झबर्गने वयाचा हा फरक हिशेबात धरताच परदेशीयांचे आधिक्य बरेच घटले. पुरते मात्र गेले नाही.

मग ओडेगार्डचे खरे की काय? या शंकेची २००२ मध्ये हॉलंडात मोठी मार्मिक परीक्षा झाली. सुरिनामची एक-तृतीयांशाहून अधिक प्रजा हॉलंडात आलेली. संशोधकांनी मानले, की सगळे सुरिनामच इकडे आले, आणि मागे राहिलेल्यांतील एकही माणूस आजारी पडावयाचा नाही. म्हणजे आजारी तेवढे आलेल्यांतले, पण भागावयाचे सबंध देशाच्या लोकसंख्येने ! एवढी सूट देऊनही प्रमाण डच लोकांहून जास्तच राहिले.

२००५ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तोलले गेले. स्वतः देशांतर केलेल्यांत या विकाराचा धोका २.७ पट निघाला, आणि परक्या भूमीत जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ४.५ पट. आता ही मुले काही बोटीत बसली नव्हती ! वृत्ती आईबापांकडून आली म्हणावे, तर ती आईबापांहून वरचढ कशी ठरावी ?

आमच्या मते शोध घ्यावयाचा तो उंबरठ्याच्या अलीकडे, नव्या गावात. दक्षिण लंडनमध्ये २००१ साली असे आढळले, की गोरेतर लोक ज्या वस्तीत तुरळक, तेथे त्यांच्यात हा विकार अधिक. जेथे आपल्यासारखी माणसे शेजारी पुष्कळ, तेथे कमी.