शेजारचा रकाना वाचा

मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा. बातमीत हाच आकडा येतो. खरी माहिती आतल्या पानांवर असते. एखाद्या रस्त्याचे किंवा रुग्णालयाचे लेखाशीर्ष घ्या आणि अंदाज, सुधारित अंदाज व मागील प्रत्यक्ष खर्च हे रकाने ताडून पाहा. तरतूद दरवर्षी मोठी आणि खर्च तुटपुंजा दिसला, तर आपल्या प्रभागात तो प्रश्न विचारायलाच हवा.

खर्चाबरोबर उत्पन्नाची बाजूही पाहा. १ जुलै २०१७ला जकात गेली. तेव्हापासून राज्य सरकारची भरपाई हा पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून मालमत्ता कर माफ आहे.

सर्वात गंभीर बाब देखरेखीची. मोठ्या कंत्राटांना स्थायी समितीची मंजुरी लागते. पण ७ मार्च २०२२ला पालिका सभागृहाची आणि त्यासोबत या समितीचीही मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६मध्ये. मधल्या काळात खर्चाचा प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच: प्रशासक. त्या वर्षांच्या नोंदी नव्या नगरसेवकांनी आता उघडून तपासाव्यात.