चरबीची उसनवारी

'डोळ्यांवर चरबी चढली' म्हणताना चरबीविषयीचे आपले मत उघडच होते. स्क्लेरोडर्मा झालेल्यांचे मत वेगळे असेल. या विकारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्वचेत कोलॅजन बेसुमार साठते आणि तिच्याखालचा चरबीचा थर विरत जातो. बोटे ताठरतात, भाकरी थापणे दूरच, ब्लाउजचे हूक लावणेही अवघड होते.

ही चरबी दुसरीकडून आणून भरता येईल? १८९३ साली जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी दंडावरची चरबी चेहऱ्यावरच्या व्रणात भरली होती. शंभरेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती बारीक नळीतून थोडी थोडी पेरण्याची पद्धत रूढ केली. पेरण्याची म्हणतो, कारण नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत ही चरबी आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या पोषणावर तगते. मोठा गोळा आतून मरतो. एरवीही काही भाग शरीर शोषून घेतेच. कपाळावर तलवारीच्या वारासारखी खाच पाडणाऱ्या मॉर्फियात, रोग शांत झाल्यावर, ही भर उपयोगी पडते. पण ती भरच. रोगावरचा इलाज नव्हे.

इलाजाची आशा निर्माण झाली ती पेशींमुळे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी चरबीत हाड, कूर्चा, स्नायू यांकडे वळू शकणाऱ्या पेशी असल्याचे दाखवले. विकराने चरबी विरघळवून ती घुसळली, की तेल वर येते आणि या पेशी तळाशी बसतात. मार्सेच्या डॉक्टरांनी तो साका बारा स्त्रियांच्या बोटांत टोचला. २०१५ च्या अहवालात हात सुधारल्याची नोंद होती.

मला महत्त्वाची वाटते ती त्यांचीच पुढची चाचणी. चाळीस रुग्ण, चरबी सगळ्यांची काढली, पण निम्म्यांना पेशींऐवजी नुसते द्रावण टोचले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांचे हात सुधारले होते, आणि गटांत ठळक फरक नव्हता! अमेरिकेतील ८८ रुग्णांच्या चाचणीतही मुख्य उद्दिष्ट साधले नाही. त्वचा अंगभर घट्ट झालेल्या रुग्णांत थोडा अनुकूल कल दिसला, एवढेच. पेशी निरुपयोगी ठरल्या असे मी म्हणणार नाही. पण 'आमच्या रुग्णाला बरे वाटले' हा पुरावा त्या दिवसापासून अपुरा ठरला.

'स्टेम सेल'च्या जाहिराती नेमक्या याच वाक्यावर चालतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा पेशी मंजूर चाचणीबाहेर उपचार म्हणून देता येत नाहीत. चाचणी खरी असेल, तर तिचा क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत कुणालाही पाहता येतो.