हलकी पिकअप की भारी? वस्तीवरच्या गाडीचा हिशेब



गेल्या काही महिन्यांत आपल्या अनेक हितचिंतकांनी एकच प्रश्न विचारला आहे : "सोलापूरच्या आसपासच्या पारधी वस्त्यांवर धान्य, पुस्तके, पाणी पोहोचवण्यासाठी गाडी घेऊन देण्याची आमची इच्छा आहे. छोटा हत्ती द्यावा, की जरा मोठी, दणकट पिकअप?" प्रश्नामागचे प्रेम आम्ही जाणतो. "द्यायचीच तर मोठी द्यावी," असे कोणाही उदार माणसाला वाटते. पण गाडी एकदाच अर्पण होते आणि तिचा खर्च दर महिन्याला उभा राहतो. शिवाय चुकीची गाडी चुकीच्या कामाला वापरली तर जिवावर बेतते. म्हणून या अंकात हा हिशेब सविस्तर मांडत आहोत.

आपल्याकडे हलकी कोणती, भारी कोणती?

परदेशातील हितचिंतक पत्रांतून 'लाइट ड्यूटी' आणि 'हेवी ड्यूटी' असे शब्द वापरतात. अमेरिकेत पिकअपला अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी म्हणण्याची जुनी पद्धत आहे. ती नावे एके काळी गाडी किती माल उचलते त्यावरून पडली. आज तिथली अर्धा टनी गाडीही अर्ध्या टनापेक्षा पुष्कळ जास्त उचलते, आणि बरीच कुटुंबे ती मोटारीसारखी वापरतात. आपल्याकडची पिकअप मात्र मुळात मालाची गाडी आहे. त्यामुळे तिथला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपल्या रस्त्यांवर ढोबळमानाने तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. ही गाडी २००५ साली आली. दोन सिलिंडरचे लहान इंजिन, बारा इंची चाके आणि सुमारे पाऊण टन माल. दुसरी पायरी बोलेरो पिकअप, अशोक लेलँडचा दोस्त, टाटा योद्धा अशा गाड्यांची. या साधारण सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत माल नेतात. बाजार समितीत कांदा घेऊन येतात त्या बहुधा याच. तिसरी पायरी टाटा ४०७ सारख्या गाड्यांची. १९८६ पासून चालत आलेली ही गाडी दोन-अडीच टन माल सहज नेते.

कायद्याच्या भाषेत मात्र या तिन्ही हलक्याच आहेत. मोटार वाहन कायद्यात ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी 'हलके मोटार वाहन' ठरते. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला या मर्यादेतली मालवाहू गाडी चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. म्हणजे परवान्याच्या दृष्टीने आपले पाळक किंवा स्वयंसेवक यांपैकी कोणतीही गाडी चालवू शकतात. पण परवाना चालला म्हणून सवय झाली असे नव्हे. भरलेली गाडी थांबवायला रिकाम्या गाडीपेक्षा जास्त अंतर लागते, आणि वेग दुप्पट झाला की ते अंतर जवळजवळ चौपट होते. नव्या हातात भरलेली गाडी देण्याआधी काही फेऱ्या जुन्या ड्रायव्हरसोबत व्हायला हव्यात.

आधी माल तोला, मग गाडी पाहा

प्रत्येक गाडीच्या आरसी बुकावर दोन वजने असतात : रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडीची खरी ताकद. ड्रायव्हर, मदतनीस, वर बसवलेला लोखंडी पिंजरा आणि ताडपत्री हे सर्व या फरकातूनच वजा होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता आपल्या कामाचा माल पाहू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाला. ती छोट्या हत्तीवर चढवणे म्हणजे त्याच्या ताकदीबाहेर भार टाकणे. पंचवीस किलोची शिधा-पाकिटे साठ कुटुंबांना द्यायची असतील तर दीड टन माल होतो. छोट्या हत्तीला त्यासाठी दोनाहून जास्त फेऱ्या लागतील. दीड-पावणेदोन टन नेणारी पिकअप एका फेरीत पोहोचवील. उलट गाद्या आणि उशा जागा अडवतात, पण वजन फारसे करत नाहीत. त्यांना ताकदीपेक्षा लांब हौदा लागतो.

गाडी घेण्याआधी निदान तीन महिने एक साधी वही ठेवावी. कोणत्या दिवशी, कोणत्या वस्तीवर, किती वजन नेले आणि किती किलोमीटर झाले, एवढेच तिच्यात लिहावे. आमच्या कामाची अशी वही पाहिली तेव्हा लक्षात आले की बहुतेक फेऱ्या अर्ध्या टनाच्या आतल्या आहेत. पाठ्यपुस्तके, औषधे, चार-सहा पोती आणि स्वयंपाकाची भांडी, एवढाच माल असतो. दीड-दोन टनांची वेळ वर्षातून मोजकीच येते.

अशी एक वेळ आपण सर्वांनी पाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर या भागांतील गावे पाण्याखाली गेली, महामार्गही बंद पडले. त्या दिवसांत मोठ्या गाडीची गरज होती, यात शंका नाही. पण वर्षातल्या पाच-सात दिवसांसाठी बाराही महिने मोठी गाडी पोसण्यापेक्षा त्या दिवसांपुरते ४०७ भाड्याने घेणे स्वस्त पडते. त्यासाठी भाड्याचे पैसे आधीच बाजूला ठेवलेले असावेत, म्हणजे पुराच्या वेळी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

आपला मुलूख कसा आहे?

सोलापूर जिल्हा बहुतांशी सपाट आहे. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा मोहोळकडे जाताना मोठा घाट लागत नाही. त्यामुळे चढासाठी मोठे इंजिन हवेच, असे इथे म्हणता येत नाही. सातपुड्यात काम करणाऱ्या बांधवांचा हिशेब वेगळा असेल.

आपली अडचण म्हणजे काळी माती. पावसात वस्तीकडे जाणारी पाणंद चिकट होते. छोट्या हत्तीची लहान चाके चाकोरीत अडकतात. मोठ्या पिकअपची चाके मोठी आणि तळ उंच, पण भरलेली असली तर ती खोल रुतते. दोन्ही गाड्यांची ताकद मागच्या चाकांवर असते. रिकाम्या मोठ्या पिकअपची मागची बाजू तर ओल्या रस्त्यावर लवकर घसरते, कारण तिचे पाटे भार पेलण्यासाठी जाड केलेले असतात आणि भार नसला की ते दबत नाहीत. म्हणून पावसाळ्यात कोणत्याही गाडीने डांबरी सडकेपर्यंतच जावे आणि पुढचा माल थोडा थोडा करून न्यावा, हाच शहाणपणा.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या रस्त्यावर जादा भार आणि कमी हवा असलेला टायर फुटायला वेळ लागत नाही. दर फेरीला हवा तपासणे हे गाडी घेण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

दर महिन्याचा खर्च

समजा महिन्याला १,५०० किलोमीटर धाव आहे. छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि मोठी १२, असे धरू. छोट्या गाडीला सुमारे ८३ लिटर डिझेल लागेल, मोठीला १२५. डिझेल ९० रुपये धरले तर फरक महिन्याला सुमारे ३,७५० रुपये, म्हणजे वर्षाला ४५,००० रुपये. मोठे टायर आणि जास्तीचा विमा हे त्यावर आणखी. ही रक्कम आपल्याच अर्पणांतून जाते.

कागदपत्रांचाही फरक पडतो. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. म्हणूनच अनेक पिकअपचे एकूण वजन या आकड्याच्या जरासे आत ठेवलेले दिसते. दीड टनाच्या पुढच्या बहुतेक गाड्या ही मर्यादा ओलांडतात. फिटनेस मात्र सर्वच मालवाहू गाड्यांना लागतो : गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. जादा भार भरल्यास दंड २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये.

जुनी गाडी घेणार असाल तर मागच्या चाकांवरचे पाटे मोजून पाहा. काही मालक जास्तीचा पाटा टाकून घेतात आणि "आता दोन टन सहज नेते" असे सांगतात. पाटा वाढवल्याने गाडी खाली बसत नाही, एवढेच. ब्रेक, चासी आणि टायर पूर्वीचेच राहतात. आरसी बुकावरचा आकडाही तोच राहतो. अशी गाडी बहुधा आयुष्यभर जादा भाराखाली चाललेली असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : माणसे

मोठी पिकअप द्यावी असे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण एक कारण देतात : "मालही नेता येईल आणि सभेला, दवाखान्याला लोकांनाही आणता येईल." इथे मात्र आम्हांला स्पष्ट बोलले पाहिजे. हौद्यात माणसे बसवण्यासाठी कोणतीही पिकअप योग्य नाही, हलकी नाही आणि भारीही नाही.

दीड टन म्हणजे साठ किलोची पंचवीस माणसे, असा हिशेब मनात येतो. पण पोती हौद्याच्या तळाला पडून राहतात. माणसे उभी असतात, त्यांचा भार वर असतो, आणि वळणावर सगळी एकदम एकाच बाजूला कलतात. धरायला दांडी नाही, पट्टा नाही, मागे फक्त एक फाळका. तेवढ्याच वजनाची पोती घेऊन सरळ जाणारी गाडी माणसे घेऊन उलटू शकते.

२० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता गोळा करून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. १९ जण गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आपल्या राज्यात ११ ऑगस्ट २०२५ रोजी खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप कोसळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्यांची गाडी नंदुरबार जिल्ह्यातील चांदशैली घाटात दरीत गेली. तिन्ही ठिकाणी गाडी मालाची होती आणि हौद्यात माणसे होती.

अपघातानंतरचे दुःख इथेच संपत नाही. मालाच्या गाडीतून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरवले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यांनाच कायद्याने संरक्षण आहे. म्हणजे ज्या घरात मिळवते माणूस गेले, त्या घराला विम्याचाही आधार राहत नाही.

आम्हांला ठाऊक आहे की नाही म्हणणे जड जाते. माल उतरवून परत निघताना एखादी मावशी विचारते, "दादा, तेवढं मोहोळपर्यंत सोडता का?" गाडी रिकामीच चाललेली असते. अशा वेळी ड्रायव्हरच्या शेजारच्या परवानगी असलेल्या जागेवर एक जण बसू शकतो, मागे कोणीही नाही. आजारी माणसासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, हे वस्तीवर पुन्हा पुन्हा सांगावे. सभेसाठी लोकांना आणायचे असेल तर प्रवासी गाडीच भाड्याने घ्यावी. कार्यकर्ते आणि माल एकत्र न्यायचा असेल तर बोलेरो कॅम्परसारख्या दुहेरी केबिनच्या गाड्या मिळतात. त्यांत पाच जण आत बसतात आणि मागे माल राहतो.

आमचा विचार

या सर्व हिशेबानंतर आमच्या समितीचे मत असे झाले : रोजच्या कामासाठी लहान गाडी पुरेशी आहे. मोठ्या गाडीसाठी लागणारी वरची रक्कम तीन वाट्यांत ठेवावी. एक डिझेल, टायर आणि विम्यासाठी, दुसरा आणीबाणीत मोठी गाडी भाड्याने घेण्यासाठी, आणि तिसरा लोकांना सुरक्षित प्रवासी गाडीने आणण्यासाठी. पाणीपुरवठ्याचे काम नियमित सुरू झाले, म्हणजे दर आठवड्याला टनभर पाणी न्यावे लागले, तर हा निर्णय बदलावा लागेल आणि मधल्या पायरीची पिकअप घ्यावी लागेल. तेही वही पाहूनच ठरवू.

आपल्या मंडळीला एखाद्या कामासाठी गाडी अर्पण करायची असेल तर चार प्रश्न अवश्य विचारा. नेहमीचा माल किती किलो आहे? रस्ता कसा आहे? दर महिन्याचा खर्च कोण देणार? आणि हौद्यात कोणी बसणार नाही, याची जबाबदारी कोणाची? चौथ्या प्रश्नाला एका ठरावीक माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळत नसेल, तर गाडीचे पैसे थोडे दिवस थांबवा.

आपले बंधू-भगिनी,
सोलापूर येथील कार्यकर्ते